विद्यापीठ निवडायचं तर काय बघून? नाव, क्रमवारी की शहर?

सांजवारा :

नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून इथे नुसती वाचत आले आहे, आज पहिल्यांदा स्वतःसाठी विचारते आहे.

भाषाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशात दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. दोन्हीकडे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, खर्चही साधारण सारखाच. पहिलं विद्यापीठ एका महानगरात आहे. कुठलीही जागतिक क्रमवारी उघडा, पहिल्या चाळीसात सापडतं. नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. दुसरं एका लहान गावातलं, क्रमांक दीडशेच्या आसपास. पण लहान मुलं एकाच वेळी दोन भाषा कशा शिकतात यावर मी पदवीला प्रकल्प केला, तेव्हा वाचलेले निम्मे लेख या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसांनी लिहिलेले होते.

घरी सगळ्यांचा कौल पहिल्याला. बाबा म्हणतात, "नाव आयुष्यभर सोबत राहतं, प्राध्यापक दोन वर्षं." हे वाक्य मला खोडता येत नाही आणि पटतही नाही.

शहराचंही आहेच. घराबाहेर एकटी अशी मी कधी राहिलेले नाही. महानगराची ओढ वाटते आणि धास्तीही. गावाबद्दल वाटतं, तिथे अभ्यास होईल, पण अभ्यासाव्यतिरिक्त काय?

उत्तर कळवायला तीन आठवडे आहेत. ज्यांनी अशी निवड केली आहे, त्यांनी खरं काय घडलं ते सांगाल का?

*

टिटवी :

बाबांचं ऐक, असं माझं मत. कारण सांगते. नोकरभरतीच्या कामात मी अकरा वर्षं आहे. एका जागेला दोनशे अर्ज येतात तेव्हा पहिल्या चाळणीत एका अर्जाला अर्धा मिनिटही मिळत नाही. ओळखीचं नाव दिसलं की नजर तिथे थांबते. हे योग्य आहे असं म्हणत नाही, पण रोज घडताना बघते.

दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीच्या वेळी मात्र विद्यापीठाची ओळ खाली जाते आणि आधी काय काम केलं तेच बघितलं जातं, हेही खरं.

*

मोजपट्टी :

सांजवारा, थोडं लांबणार आहे. एका विद्यापीठाच्या कार्यालयात क्रमवारीसाठी आकडे गोळा करून पाठवण्याचं काम मी सहा वर्षं केलं, त्यामुळे या विषयावर गप्प राहवत नाही.

तू शीर्षकात नाव, क्रमवारी आणि शहर अशा तीन वेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेस. पहिल्या दोन वेगळ्या नाहीतच. क्यूएस ही जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी घे. बरीच वर्षं तिच्यातले ४० टक्के गुण 'तुमच्या मते तुमच्या क्षेत्रात उत्तम विद्यापीठं कोणती' असं जगभरच्या प्राध्यापकांना विचारून दिले जात. आणखी १० टक्के नोकरी देणाऱ्यांना विचारून. २०२३ साली त्यांनी हे प्रमाण ३० आणि १५ केलं. म्हणजे आजही जवळजवळ निम्मा क्रमांक लोकांच्या मनातल्या नावावरच ठरतो. टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीत अशा मतचाचणीचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. 'विद्यापीठाचं नाव मोठं आहे आणि शिवाय क्रमांकही वरचा आहे' असं कोणी म्हणालं, तर ते पुष्कळसं एकच गोष्ट दोनदा मोजणं आहे.

२००३ साली सुरू झालेल्या शांघाय क्रमवारीत मतं विचारत नाहीत. तिथे ३० टक्के गुण नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांचे असतात : १० टक्के माजी विद्यार्थ्यांनी मिळवलेल्यांचे, २० टक्के तिथल्या प्राध्यापकांनी मिळवलेल्यांचे. 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन नियतकालिकांतल्या लेखांना आणखी २०. भाषाशास्त्राला ना नोबेल ना फील्ड्स. या दोन नियतकालिकांत भाषेवरचा लेख क्वचितच येतो. केवळ मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या संस्थांसाठी शांघायवाले हा 'नेचर-सायन्स'चा निकष बाजूला ठेवून त्याचं वजन इतर निकषांवर वाटतात, पण सर्व विषय शिकवणाऱ्या विद्यापीठाला ती सवलत नाही. तेव्हा तुझ्या पहिल्या विद्यापीठाचा क्रमांक त्याच्या वैद्यक आणि भौतिकशास्त्र विभागांनी कमावलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्या इमारतींत तू पाऊलही टाकणार नाहीस.

आता माझ्या कामातलं एक सांगतो, कारण ते मला अजून खुपतं. दर शिक्षकामागे विद्यार्थी किती, हा आकडा आम्ही पाठवायचो. शिक्षक कोणाला म्हणायचं याची व्याख्या सैल होती. वर्षानुवर्षं एकही तास न घेणारे संशोधक आम्ही त्यात मोजायचो. नियमात बसत होतं. तो आकडा बघून एखादी मुलगी आपल्या वर्गात किती जण असतील याचा अंदाज बांधत असेल, हा विचार त्या वेळी एकदाही मनात आला नाही. तुझा धागा वाचून आला.

नियम मोडूनही हे होतं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ एका नामांकित क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर होतं. २०२२ च्या सुरुवातीला तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, पाठवलेले आकडे तपासून जाहीर शंका घेतल्या. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के, असा दावा होता. विद्यापीठाने पुढे स्वतः दिलेला आकडा ५७ टक्के निघाला. त्या वर्षी कोलंबिया अठराव्या स्थानावर गेलं. त्या सहा-सात महिन्यांत तिथे शिकवणं काही बिघडलं नव्हतं. आधीही ते जसं होतं तसंच होतं.

क्रमवारी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्यातला फरक किती बारकाईने वाचायचा, हे छापणारेच सांगतात. टाइम्सवाले पहिल्या दोनशेनंतर स्वतंत्र क्रमांक देत नाहीत, गट देतात. शांघायवाले शंभरानंतरच गट करतात. म्हणजे ११० आणि १४० यांत फरक सांगण्याइतका भरवसा शांघायवाल्यांना स्वतःलाही नाही. ४० आणि १५० मध्ये काहीतरी फरक जरूर आहे. तो तुझ्या विभागाचा आहे का, एवढंच तुला शोधायचं आहे.

*

काजवा :

मोजपट्टी, प्रतिसाद फार आवडला. विभागाबद्दल एक भर. भाषाशास्त्रातलंच उदाहरण आहे. एमआयटी म्हटलं की लोकांना अभियांत्रिकी आठवते, पण प्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की १९५५ पासून तिथेच होते, आणि १९६१ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाने हा विषयच नव्याने घडवला. तंत्रज्ञानाची संस्था म्हणून त्या काळी कोणी तिकडे जायचं टाळलं असतं तर केवढं मुकलं असतं!

*

उंबर :

शहराबद्दल मी लिहिते, कारण तिथे मी चुकले.

मी महानगर निवडलं. त्यामागची कारणं ऐकायला छान होती : नाटकं, संग्रहालयं, व्याख्यानं, दहा देशांची माणसं. हे सगळं तिथे होतं. पण परवडेल अशी खोली विद्यापीठापासून सव्वा तासावर मिळाली. रोजचे अडीच तास गाडीत. वर्ग संपला की वर्गातली मुलं चार दिशांना चार गाड्या पकडून जायची. संध्याकाळी व्याख्यान असलं तरी मी थांबत नसे, कारण शेवटची सोयीची गाडी निघून जाईल. त्या शहरातल्या प्रसिद्ध संग्रहालयात मी दोन वर्षांत दोनदा गेले.

आणि एकटेपणा. माणसांच्या गर्दीतला एकटेपणा हा वाक्प्रचार मी खूपदा वाचला होता. पहिल्या थंडीत आजारी पडले. चार दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही, तेव्हा तो कळला. कोणी वाईट नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं की मी खोलीत आहे.

म्हणून सांगते, शहर कसं आहे हे विचारू नकोस. तू राहशील त्या खोलीपासून तू बसशील त्या वर्गापर्यंत किती वेळ लागतो, ते विचार. तो अर्ध्या तासाच्या आत असेल तर महानगराची मजा खरंच आहे. मैत्रिणीला विद्यापीठाजवळच जागा मिळाली होती. तिला विचारलंस तर ती त्या शहराचं अगदी वेगळं वर्णन करील.

*

पाणकणीस :

उंबर म्हणतात ते सगळं मान्य, पण लहान गाव म्हणजे आपोआप माया आणि जिव्हाळा असं कोणी समजू नये. मी तसल्या गावात दोन वर्षं काढली. शुक्रवारी दुपारी अर्धं कॅम्पस घरी जायचं. त्यांची घरं दोन-तीन तासांवर असायची. उरायचो आम्ही बाहेरदेशचे सात-आठ जण. रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. हिवाळ्यात दुपारी चारला अंधार.

शिवाय माझ्या क्षेत्रात इंटर्नशिप देणाऱ्या त्या गावात दोनच जागा होत्या, आणि आम्ही तीसजण.

गाव विद्यार्थ्यांचं आहे का, की विद्यार्थी फक्त येऊन-जाऊन असतात, हे बघावं लागतं. जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये साधारण तीन रहिवाशांमागे एक विद्यार्थी आहे. स्वीडनमधलं लुंड, बेल्जियममधलं ल्युव्हेन यांसारखी जुनी विद्यापीठ-गावंही विद्यार्थ्यांच्याच पावलांनी चालतात. माझं गाव तसं नव्हतं. तिथे विद्यापीठ गावाबाहेर टेकाडावर होतं आणि गावाला त्याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं.

*

वाटसरू :

एक रुक्ष पण महत्त्वाचा मुद्दा कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. क्रमवारीवर तुमचा विश्वास असो वा नसो, काही देशांच्या व्हिसा कार्यालयांचा आहे.

ब्रिटनने ३० मे २०२२ ला 'हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल' नावाचा व्हिसा सुरू केला. हाती नोकरी नसतानाही गेल्या पाच वर्षांत पदवी घेतलेल्यांना तो मिळू शकतो, पण यादीतल्या विद्यापीठांचीच पदवी हवी. सुरुवातीला ती यादी क्यूएस, टाइम्स आणि शांघाय यांपैकी किमान दोन क्रमवाऱ्यांत पहिल्या पन्नासात असलेल्या परदेशी विद्यापीठांची होती. आणि लक्षात घ्या, पदवी ज्या वर्षी हाती पडते त्या वर्षीची यादी धरतात, प्रवेश घेतला तेव्हाची नाही. हाँगकाँगनेही डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या शंभरांतल्या विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी अशीच योजना आणली.

नेदरलँड्समध्ये नोकरी शोधण्यासाठी वर्षभराचा परवाना मिळतो. बाहेरची पदवी असेल तर विद्यापीठ पहिल्या दोनशेत असावं लागतं, पण तिथे विषयवार क्रमवारीतलं स्थानही चालतं. सांजवारा, म्हणून दीडशेवालं विद्यापीठ तुमच्या विषयात कितवं आहे हे बघून ठेवा.

पुढे कुठे राहायचं हे ठरलेलं नसेल तर हा एक दरवाजा उघडा राहतो की बंद होतो, एवढ्यापुरता क्रमांक जरूर मोजा.

*

सांजवारा :

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाचं मला काहीच माहीत नव्हतं. दीडशेवालं विद्यापीठ विषयवार क्रमवारीत पहिल्या पन्नासात आहे, आत्ताच बघितलं. महानगरातलं त्याच्या थोडंसंच वर आहे. एवढा कमी फरक असेल असं वाटलं नव्हतं.

पण मग शिकवणं कसं आहे हे बाहेरून कळायचं कसं? संकेतस्थळं दोघांची सारखीच सुंदर आहेत.

*

पारिजात :

सांजवारा, मी पंचवीसहून अधिक वर्षं शिकवतो आहे, प्रवेशसमित्यांवरही बसलो आहे. तुझ्या वयाच्या मुलांना मी जे सांगतो तेच तुला सांगतो.

संकेतस्थळावरची अभ्यासक्रमाची यादी बाजूला ठेव आणि चालू वर्षाचं वेळापत्रक मागव. यादीत चाळीस विषय असतात, प्रत्यक्षात त्या वर्षी तेरा शिकवले जातात. तुला हवे असलेले त्या तेरात आहेत का? ते कोण शिकवतं? ज्यांचं नाव बघून तू अर्ज केलास ते, की दर सत्राला बदलणारे तात्पुरते शिक्षक? तात्पुरते शिक्षक वाईट शिकवतात असं अजिबात नाही, पुष्कळदा तेच जीव ओतून शिकवतात. पण दोन वर्षांनी तुला शिफारसपत्र हवं असेल तेव्हा ते तिथे नसतील.

दुसरं, गेल्या तीन वर्षांत पूर्ण झालेल्या प्रबंधांची यादी शोध. बहुतेक विद्यापीठांची ग्रंथालयं ती खुली ठेवतात. तुझ्या विषयाजवळचे प्रबंध किती? मार्गदर्शक कोण? सगळे प्रबंध एकाच माणसाकडे असतील तर त्या माणसाकडे तुझ्यासाठी वेळ नसेल.

तिसरं म्हणजे, ते लेख लिहिणारी माणसं येत्या दोन वर्षांत तिथे असणार आहेत का? हे थेट विचारायला संकोचू नकोस. प्राध्यापक निवृत्त होतात, अध्ययनरजेवर जातात, दुसरीकडे जातात. विद्यापीठाचं नाव माणसांच्या मागून फार संथपणे चालत येतं. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. लहानसं गाव, पण गाऊस, रीमान, हिल्बर्ट यांच्यामुळे गणिताची जगातली राजधानी. १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू प्राध्यापकांना काढलं. गणितज्ञ एमी नोएथर अमेरिकेत ब्रिन मॉरला गेल्या, ते मुलींचं एक लहानसं कॉलेज होतं. गणितज्ञ कुरांट न्यूयॉर्कला, भौतिकशास्त्रज्ञ बॉर्न ब्रिटनला. काही महिन्यांत तिथलं गणित उजाड झालं, नाव मात्र तसंच राहिलं. त्यानंतरच्या वर्षी नावाकडे बघून ग्योटिंगेनला गेलेल्या विद्यार्थ्याला काय मिळालं असेल? आणि ब्रिन मॉरच्या त्या मोजक्या विद्यार्थिनींना नोएथर मिळाल्या. दीड-दोन वर्षंच, कारण १९३५ मध्ये त्या वारल्या. पण मिळाल्या.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितो. आत्ता तिथे शिकणाऱ्या तीन-चार विद्यार्थ्यांशी बोल. विद्यापीठाने जोडून दिलेल्या 'विद्यार्थी-दूतां'शी नको, स्वतः शोधून. 'विद्यापीठ कसं आहे?' असं विचारलंस तर 'छान आहे' हेच ऐकायला मिळेल. 'गेल्या सत्रात अडकलात तेव्हा कोणाकडे गेलात आणि पुढे काय झालं?' हे विचार. उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही बघ.

*

टिटवी :

पारिजात सर, तुमचं सगळं शिकण्याच्या बाजूने आहे. पण पदवीनंतर पोट भरायचं असतं. नावाने मिळकत वाढते हे तर सगळ्यांना दिसतंच.

*

मोजपट्टी :

टिटवी, यावर अमेरिकेत नीट अभ्यास झाला आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. नामांकित ठिकाणी शिकलेले जास्त कमावतात हे दिसतंच, पण ते नावामुळे की मुळात ती मुलं हुशार आणि धडपडी असल्यामुळे? त्यांनी अशी मुलं ताडून बघितली ज्यांनी सारख्याच नामांकित ठिकाणी अर्ज केले, त्यांना सारखेच प्रवेश मिळाले, पण काही जण कमी नावाच्या ठिकाणी गेले. पुढे दोघांची मिळकत साधारण सारखीच निघाली. हे निष्कर्ष तिथल्या पदवी महाविद्यालयांबद्दलचे आहेत, सगळीकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण सांजवाराची अवस्था नेमकी हीच आहे : दोन्ही दारं उघडी आहेत.

*

सोनचाफा :

मोजपट्टी, त्याच अभ्यासातला दुसरा अर्धा भागही लिहा ना. गरीब घरातल्या मुलांना मात्र नामांकित ठिकाणी गेल्याचा स्पष्ट फायदा झाला होता. पुढच्या अभ्यासात कमी शिकलेल्या आईवडलांच्या मुलांबद्दलही तेच दिसलं.

मला हे वाचून कळलेलं नाही, घरात बघितलं आहे. आमच्याकडे पदवीपर्यंत पोचलेला माझा मुलगा पहिला. त्याच्या पाठीशी ना ओळखीचे काका, ना शिफारस करणारं कोणी. मोठ्या नावाच्या ठिकाणी गेल्यावर पहिल्यांदा त्याचं म्हणणं लोक पूर्ण ऐकून घेऊ लागले. "आई, मी तोच आहे, पण आता मला मध्ये थांबवत नाहीत," असं तो म्हणाला होता. ज्यांच्या घरात आधीपासून सगळं आहे त्यांना नाव ही शोभेची गोष्ट वाटू शकते. आम्हाला ती शिडी होती.

सांजवारा, बाबा नावाचा आग्रह का धरतात हे त्यांना एकदा शांतपणे विचार. कदाचित त्यांना स्वतःला कुठेतरी अर्ध्यावर थांबवलेलं असेल.

*

मोजपट्टी :

सोनचाफा ताई, तुमचं बरोबर आहे. तो भाग मी गाळायला नको होता.

*

उंबर :

सोनचाफा, डोळ्यांत पाणी आलं.

*

काजवा :

शहरांच्या क्रमवारीचा विषय निघाला नाही म्हणून थोडक्यात. क्यूएसचीच 'उत्तम विद्यार्थी-शहरं' अशी यादी असते. बरीच वर्षं लंडन वर होतं, २०२६ च्या यादीत सोल पहिलं आलं. पण तिच्यात येण्यासाठी शहराची लोकसंख्या किमान अडीच लाख लागते आणि क्यूएसच्या क्रमवारीतली किमान दोन विद्यापीठं तिथे असावी लागतात. म्हणजे पाणकणीस यांनी सांगितलेलं ट्युबिंगन त्या यादीत येऊच शकत नाही. गाव यादीत नाही म्हणजे वाईट, असा अर्थ काढू नका.

आणि भाषाशास्त्रवाल्यांसाठी, गाव किंवा शहर बघताना शेजारी काय आहे ते बघा. नेदरलँड्समधलं नायमेखन काही महानगर नाही, पण मनोभाषाशास्त्राची, म्हणजे मन भाषा कशी शिकतं आणि वापरतं याचा अभ्यास करणारी, माक्स प्लांक संस्था तिथे विद्यापीठाला लागून आहे. अशा शेजाराचं मोल कोणत्याही शहर-यादीत दिसत नाही.

*

सांजवारा :

बारा दिवसांनी लिहिते आहे. पारिजात सरांनी सांगितलेलं सगळं केलं. दोन्हीकडच्या मिळून सात विद्यार्थ्यांना लिहिलं, पाच जण बोलले. जे कळलं ते लिहिते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

महानगरात वर्ग ऐंशी जणांचा आहे. मार्गदर्शक निवडता येत नाही, नेमून दिला जातो. अडकलात तेव्हा कोणाकडे गेलात, या प्रश्नावर एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वर्गातल्या मुलांचा गट आहे, त्यात विचारते." पण तिनेच दुसरी एक गोष्ट सांगितली जी माझ्या मनात नव्हती. त्या शहरात घरोघरी दोन-तीन भाषा बोलणारी हजारो मुलं आहेत. माझा अभ्यास ज्यांच्यावर आहे ती मुलं तिथे शेजारच्या शाळेत बसलेली आहेत. हे ऐकून मी दोन दिवस पुन्हा गोंधळले होते. शहर म्हणजे करमणूक एवढाच विचार मी केला होता. माझ्या विषयासाठी शहर हीच प्रयोगशाळा होऊ शकते, हे सुचलंच नव्हतं.

लहान गावात वर्ग चौदा जणांचा. तिथे बालभाषेची प्रयोगशाळा आहे आणि अभ्यासात भाग घ्यायला तयार असलेल्या कुटुंबांची नोंदवही ते वर्षानुवर्षं ठेवत आले आहेत, त्यात द्विभाषिक घरंही आहेत. ज्या दोघांचे लेख मी वाचले त्यांतल्या एक बाई पहिलं सत्र रजेवर आहेत. न विचारता गेले असते तर तिथे पोचल्यावर कळलं असतं. त्यांना मी लिहिलं. त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, दीड पानांचं. माझा पदवीचा प्रकल्प त्यांनी वाचला होता आणि त्यातली एक चूक दाखवली होती. दुसऱ्या सत्रापासून मार्गदर्शन करायला तयार आहेत.

हिवाळ्याबद्दल पाणकणीस म्हणतात तसंच तिथल्या मुलाने सांगितलं. रविवार जड जातात, संध्याकाळी आठनंतर गाड्या कमी. पण वसतिगृह विभागापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि बाहेरदेशचे विद्यार्थी निम्म्याहून जास्त, त्यामुळे शुक्रवारी सगळे निघून जात नाहीत.

बाबांना सोनचाफा मावशींनी सांगितलं तसं विचारलं. ते काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, पण आम्ही खूप वेळ बोललो. नंतर त्यांनी बाईंचं दीड पानांचं पत्र मागून घेतलं. विषय त्यांचा नाही, तरी दोनदा वाचलं. म्हणाले, "या बाईंनी तुझं काम बघितलंय." पुढे काही म्हणाले नाहीत.

मी दुसऱ्या विद्यापीठाला होकार कळवला आहे. पहिल्याला नकाराचं पत्र लिहिताना हात थांबला होता, हेही खरं. ते नाव माझ्या अर्जांवर कधीच येणार नाही याची हुरहुर वाटते आहे. टिटवी ताई, तुम्ही सांगितलेलं अर्ध्या मिनिटाचं मी विसरलेले नाही.

*

पारिजात :

अभिनंदन. रजेच्या त्या सत्रात बाईंकडे महिन्यातून एकदा अर्धा तास माग, देतील असं वाटतं. आणि पहिल्या सत्रात संख्याशास्त्राचा एखादा तास शिकवला जात असेल तर घे, नोंदी तपासताना लागेल.

*

पाणकणीस :

अभिनंदन! खोलीसाठी चांगला दिवा घे. हिवाळ्यात फार फरक पडतो.

*

टिटवी :

सांजवारा, अभिनंदन. मी माझ्या मतावर आहे, पण तू चौकशी करून ठरवलंस याचा आनंद झाला. आता त्या अर्ध्या मिनिटाबद्दल.

पुढे अर्ज लिहिशील तेव्हा शिक्षणाखाली विद्यापीठाचं नाव लिहून थांबू नकोस. त्याच ओळीत प्रयोगशाळेचं नाव, मार्गदर्शकांचं नाव आणि प्रबंधाचा विषय साध्या शब्दांत लिही. 'दोन भाषा शिकणाऱ्या इतक्या मुलांच्या नोंदींचं विश्लेषण', असं आकड्यासकट. मोठं नाव ज्यांच्याकडे असतं ते पुष्कळदा नुसतं तेच लिहितात आणि खाली काय केलं ते शोधत बसावं लागतं. काम पहिल्या ओळीत दिसलं तर माझी नजर तिथेही थांबते. पहिला अर्ज तयार झाला की मला पाठव, बघून देईन.